चाकवताची पाठ

जलरंग म्हटला की मराठी रसिकाला नदीचा घाट आठवतो, पावसातला रस्ता आठवतो, किंवा सा. ल. हळदणकरांच्या चित्रातली हातात दिवा घेतलेली स्त्री आठवते. पालेभाजीची जुडी कुणाला आठवत नाही. पान काढायचे ते एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सरावात, नाहीतर वनस्पतिशास्त्राच्या वहीत. म्हणजे ते एकतर शिकाऊ हाताचे काम, नाहीतर शास्त्राची चाकरी. या वाटणीमुळे आपल्या समीक्षेने एका अवघड चित्रविषयाकडे पाहिलेलेच नाही, असे माझे म्हणणे आहे.

अवघड का, ते चाकवतावरून सांगता येईल. जबलपुरात घमापूरच्या हातगाडीवर हिवाळ्यात हीच भाजी ‘बथुआ’ म्हणून मिळते. इथल्या मराठी घरात शिरली की तिचा चाकवत होतो आणि ताकात पडतो. गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणारी ही वनस्पती. पानाचा आकार हंसाच्या पावलासारखा. शास्त्रीय नावातल्या ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. कोवळ्या पानावर, आणि विशेषतः त्याच्या पाठीवर, पांढरट पिठूळ थर असतो. पाणी शिंपडले तर त्यावर थेंब गोल होऊन बसतात. हा थर हीच चाकवताची ओळख. तो गेला की उरते ते कुठलेही हिरवे पान.

तो रंगवायचा कसा? हिरव्यावर पांढरा रंग चढवला तर पान खडूने पुसल्यासारखे दिसते. पारदर्शक जलरंगात पांढरे म्हणजे कोरा कागद. तेव्हा पिठूळपणा हवा असेल तर कागद राखावा लागतो आणि त्यावर निळसर करड्या रंगाचा पाण्यासारखा पातळ हात फिरवावा लागतो. कुठले पान उलटे पडले आहे, हे पहिला हात देण्याआधीच ठरलेले असावे लागते. लाल माठाची अडचण वेगळी. लाल आणि हिरवा हे परस्परविरोधी रंग. ओले असताना एकमेकांत गेले की चिखल होतो. शिरेचा लाल आणि पात्याचा हिरवा शेजारी ताजे ठेवायचे तर पहिला थर वाळेपर्यंत थांबायला हवे. पण भाजी थांबत नाही. देठ ताठ राहतो, पान मान टाकते, आणि अर्ध्या चित्रात कोन बदललेला असतो.

हे कसब आपल्याकडे जुने आहे. पुण्याजवळ दापोडीच्या वनस्पती उद्यानात १८४७ ते १८५० या काळात, अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश सर्जनाच्या देखरेखीखाली, वनस्पतींची दीडशेहून अधिक जलरंगचित्रे झाली. ती आज एडिंबराच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत. हेन्री नोल्टी यांनी त्यांवर २००२ साली ग्रंथ काढला, तो गिब्सनच्या नावासह. चित्रकाराचे नाव मात्र नोंदलेले नाही. दुसरीकडे, विल्यम हूकर हा लंडनच्या उद्यानसंस्थेसाठी फळे रंगवणारा चित्रकार; त्याच्या पानांसाठीच्या मिश्रणाचे ‘हूकर्स ग्रीन’ आजही आपण ट्यूबमधून पिळतो. दोघेही शास्त्राचेच चाकर होते. एकाचे नाव रंगाला मिळाले, दुसऱ्याचे त्याच्याच चित्रांना मिळाले नाही.

अनामिकाचा गौरव करतानाही त्या परंपरेची मर्यादा सांगितली पाहिजे. शास्त्रीय चित्रात फांदी कोऱ्या कागदावर एकटी असते. तिला बाजार नाही, ओले गोणपाट नाही, जुडी बांधणारा दोरा नाही. तिचे पान एका जातीच्या साऱ्या पानांच्या वतीने उभे असते. भाजीचे पान कुणाच्याच वतीने उभे नसते. ते आज सकाळचे, विकायला आलेले, संध्याकाळी फुकट जाणारे पान असते. जात अचूक दाखवणारे चित्र ही वेळ दाखवेलच असे नाही.

ही वेळ पाहण्याचे शिक्षण जबलपूरला अपरिचित नाही. इथले ब्यौहार राममनोहर सिन्हा शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे शिष्य. १९३८च्या हरिपुरा काँग्रेससाठी नंदलालांनी केलेल्या भित्तिपत्रांत रोजची कामे करणारी साधी माणसे आहेत; ती कुठल्या प्रकाराचा नमुना म्हणून उभी नाहीत, कामात आहेत. सिन्हांनी संविधानाच्या उद्देशिकेचे पान सजवले आणि नक्षीच्या कोपऱ्यात ‘राम’ एवढीच सही केली. छोटी का होईना, ती सही आहे. दापोडीच्या चित्रकाराला तेवढी जागाही लाभली नाही.

म्हणून भाजीचे जलरंगचित्र समोर आले की ‘किती हुबेहूब!’ म्हणून पुढे सरकू नये. पानाची पाठ दिसते का, ती कोऱ्या कागदाने दाखवली की पांढऱ्या रंगाने, जुडी सकाळची की दुपारची, हे विचारावे. आणि खाली कोपऱ्यात सही शोधावी.