उद्योगसंस्थांचे हक्कवचन आणि जतचा ऊसतोड मजूर

मानवी हक्कांविषयी जाहीर वचन देण्याची प्रथा उद्योगसंस्थांत अलीकडे रूढ झाली आहे. सक्तीची मजुरी नाही, बालकामगार नाहीत, भेदभाव नाही, वेतन वेळेवर मिळेल, अशी कलमे बहुतेक वचननाम्यांत सारख्याच शब्दांत आढळतात. अशा वचनाची परीक्षा कलमांच्या उदात्ततेवरून करणे व्यर्थ होय. ‘आमचे कामगार’ या शब्दांची व्याप्ती त्यात कोठवर धरली आहे, हाच विचारणीय प्रश्न आहे.

सांगली जिल्हा या विचारास विशेष उपयुक्त आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना आणि त्यालगत कामगारांची वसाहत उभारली. तेथे कामगाराच्या हक्कापेक्षा मालकाच्या सद्‌बुद्धीस अधिक स्थान होते, हा आक्षेप घेता येईल. तथापि कामगार मालकाच्या दृष्टीसमोर वावरत होता; तो कोणाचा, याविषयी संदेह नव्हता.

साखर उद्योगाची रचना याहून निराळी आहे. जिल्ह्याचा पश्चिम भाग कृष्णा-वारणेच्या पाण्यावर उसाने बहरला. पूर्वेकडील जत तालुका अवर्षणप्रवण राहिला. म्हणून गळीत हंगाम सुरू होताच जतमधील अनेक कुटुंबे ऊसपट्ट्याची वाट धरतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घ्यावयाची, टनाच्या दराने ती तोडून फेडावयाची आणि फिटली नाही तर बाकी पुढील हंगामाच्या माथी मारावयाची, असा हा व्यवहार आहे. आजारपणाच्या दिवसासही ‘खाडा’ धरून दंड वसूल केला जाण्याची चाल अनेक ठिकाणी आढळून आली आहे.

या व्यवहारात तोडणीचा कार्यक्रम कारखाना ठरवितो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापला जातो. करार वाहतूकदाराशी होतो. उचल मुकादम देतो. जबाबदारी अशी चौघांत विभागली गेल्यामुळे मजुरास मालकच उरत नाही. कारखान्याच्या वचननाम्यातील प्रत्येक वाक्य खरे असावे आणि तरीही त्यातील एकही वाक्य फडातल्या मजुरास लागू पडू नये, ही विसंगती येथूनच उद्भवते.

मजूर उचल स्वेच्छेने घेतो, किंबहुना तीच मागतो, असे यावर समर्थन केले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु 1982 मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेल्या श्रमास सक्तीची मजुरी ठरविले. आर्थिक निकडीतून दिलेली संमती ही स्वेच्छा नव्हे, हे त्यामागील तत्त्व होय. मजूर कंत्राटदाराचे आहेत ही सबबही त्या न्यायालयाने मान्य केली नाही.

अशा रचनेची किंमत किती असू शकते, हे बीड जिल्ह्यात दिसून आले. 2019 मध्ये तेथील 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. याची कारणे अनेक असतील. परंतु मासिक पाळीत वा दुखण्यात विश्रांती घेणाऱ्या स्त्रीस खाड्याचे भय असते, ही गोष्ट त्यांतून वगळता येणार नाही. जत म्हणजे बीड नव्हे. तथापि उचल, कोयता आणि मुकादम हे तिन्ही शब्द दोन्हीकडे एकच आहेत.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क परिषदेने 2011 मध्ये मान्य केलेली तत्त्वे व्यावसायिक संबंधांतून घडणाऱ्या हानीपर्यंत उद्योगाची जबाबदारी नेतात. भारत सरकारच्या 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही मूल्यसाखळीतील कामगारांचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु सेबीने 2021 मध्ये जाहीर केलेली अहवालाची सक्ती भांडवली बाजारातील अग्रगण्य एक हजार कंपन्यांपुरती होती. सहकारी कारखाना भागबाजारात नसल्याने तो या दंडकाबाहेर राहतो. त्याची साखर विकत घेणारी मोठी कंपनी मात्र आपल्या अहवालात मानवी हक्कांचे प्रकरण लिहिते.

यास्तव केवळ नव्या कलमांची भर घालून काही साधणार नाही. तोडणी मजुराचे व त्याच्या पत्नीचे स्वतंत्र नाव कारखान्याच्या दप्तरात येणे, उचलीचा हिशेब दोघांच्या हाती लेखी पडणे आणि खाडा रद्द होणे, या तीन गोष्टी घडल्यावाचून हक्कवचन हे कारखान्याच्या कुंपणाआतील शिष्टाचाराचे नियम ठरते.