भाकरीचा फोटो का बिघडतो?

विषय वाचून काही जणांना हसू आलं असेल. घरच्या जेवणाचे फोटो हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण इथे विष्णुपुरीत, विद्यापीठात शिकायला आलेल्या पोरापोरींच्या मोबाइलात केकचे, पिझ्झ्याचे फोटो ढिगानं दिसतात. घरून आलेल्या डब्यातली ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, येसराची आमटी मात्र दिसत नाही. विचारलं तर म्हणतात, "सर, त्याचा फोटो चांगला येत नाही."

आता यात भाकरीचा दोष किती आणि आपला किती, ते आधी पाहू. ट्यूबच्या उजेडात पिठलं हिरवट दिसतं. फ्लॅश समोरून आदळतो आणि भाकरीचे फोड, पापुद्रा, थापताना उठलेले बोटांचे ठसे सगळे सपाट करून टाकतो. भाकरी खुलते ती आडव्या उजेडात. ट्यूब बंद करा, ताट दारापासून हातभर आत ठेवा, उजेड एकाच बाजूनं येऊ द्या. पलीकडे पांढरा रुमाल धरला की सावली मऊ होते. वरून काढलेला फोटो वाट्यांनी भरलेल्या ताटाला शोभतो, पण भाकरीची चवड बाजूनंच बघायची असते. तव्यावरची भाकरी तर हमखास फसवते. काळा तवा बघून मोबाइलला वाटतं अंधार आहे; तो उजेड वाढवतो आणि भाकरी चुन्यासारखी पांढरी होते. पांढऱ्या बशीत उलटं घडतं, आमटी काळीठिक्कर. पडद्यावर त्या पदार्थावरच बोट टेकवा आणि उजेड कमी-जास्त करून घ्या. निम्मं भांडण इथंच मिटतं.

उरलेलं निम्मं मात्र उजेडाचं नाही. संगमरवरासारखी छपाई केलेले कागद आता फोटोसाठी विकत मिळतात. ते अंथरायचे, चूल चौकटीबाहेर, काजळीची भिंत चौकटीबाहेर, थापणारा हातही चौकटीबाहेर. आम्हीही असे फोटो काढलेत, खोटं कशाला बोला. छान आले होते. पण ती भाकरी कुठल्या घरची, हे त्यावरून कुणालाच सांगता आलं नसतं. आमचा आक्षेप आहे तो इथं.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात काय शिजत होतं, ते त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. त्यात चान्या आहेत, म्हणजे वाळवून ठेवलेल्या मांसाच्या पट्ट्या. आता नुसतं फोटोच्या हिशेबानं बघा: दोरीवर वाळणाऱ्या चान्या, त्यांवर सकाळचा तिरपा उजेड, मागं मातीची भिंत. याहून चांगली चौकट कुणाला मिळणार? तरी ती कुणाच्या मोबाइलात नाही. त्याच २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हा असा फोटो टाकताना माणूस रंगांचा विचार करत नाही, शेजाऱ्यांचा करतो. आणि मग 'आकर्षक' फोटो कसा काढावा हे शिकवणारे आम्ही, हे कोणाला आकर्षक, एवढं विचारायचंच राहून जातो.

असो. ज्यांच्या मोबाइलात आज सकाळच्या डब्याचा फोटो असेल, त्यांनी पुढं यावं. बिघडलेला असला तरी चालेल. तोच आधी बघू.