व्हय म्हाराजा म्हणणारे कान

गेल्या वर्षी मालवण तालुक्यातल्या एका जत्रेत मी गाऱ्हाणे ऐकत उभा होतो. नारळ हातात घेऊन मानकऱ्याने देवाला साद घातली आणि गावावरची अडचण, कोणाचे आजारपण, कोणाचा नवस असे एकामागून एक सांगत गेला. समोर कागद नव्हता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो अर्धा श्वास थांबे आणि भोवतीची माणसे एका सुरात म्हणत, 'व्हय म्हाराजा'. मध्येच एका वाडीचे नाव त्याच्याकडून राहून गेले. तो थांबला, पण 'व्हय' आला नाही. मागून एका म्हातारीने वाडीचे नाव घेतले. मानकऱ्याने तिच्याकडे बघून मान हलवली, वाक्य पहिल्यापासून पुन्हा घेतले, आणि मग सगळ्यांचा 'व्हय म्हाराजा' उठला.

त्याच रात्री देवळासमोरच्या मांडावर धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, सुरू झाला. दशावतारात संहिता नसते. पुराणातले कथानक ठरलेले, संवाद मात्र नटाने तिथल्या तिथे रचायचे. भटजीशी हुज्जत घालणारा, वेद पळवणारा राक्षस संकासुर मालवणीत बोलतो आणि बोलता बोलता वेदांवरून गावच्या खड्ड्यांवर, विजेच्या खेळखंडोब्यावर, पुढच्या रांगेत बसलेल्या पुढाऱ्यावर येतो. लोक हसतात, पुढाऱ्यालाही हसावे लागते. पण पहाटे रंग पुसून हाच नट त्याच मंडपात चहा प्यायला बसणार असतो आणि पुढच्या वर्षी मंडळाला याच गावात यायचे असते. बोलायची मुभा आणि बोलल्याचा जाब, दोन्ही एकाच अंगणात असतात. संकासुराची जीभ धारदार राहिली ती या अंगणामुळे.

कागदावाचून, समोरच्या क्षणाला धरून बोलणे ही कला रेडिओनेही उचलली. बोलणारा मात्र दिसेनासा झाला आणि ऐकणारा हजारोंनी वाढला. अंगण राहिले नाही. मग रेडिओवर बोलणाऱ्याला मुभा किती द्यायची आणि त्याने जाब कोणाला द्यायचा? आज ही कला कुठे उभी आहे, हे याच प्रश्नावर घासून बघितले पाहिजे.

आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मातीत रेडिओची सुरुवात फार उंचावर झाली होती. 25 नोव्हेंबर 1955 रोजी आंबोलीच्या रानातून गोवामुक्तीचा गुप्त आवाज हवेत गेला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून बोलत. पुढे हे केंद्र कॅसलरॉकला हलले आणि डिसेंबर 1961 पर्यंत चालले. पोर्तुगालच्या सालाझार राजवटीने गोव्यातली वृत्तपत्रे सेन्सॉरखाली ठेवली होती. त्या राजवटीच्या प्रचाराला रोजच्या रोज उत्तर देणे हे या केंद्राचे काम होते. गोवा मुक्त झाला त्या दिवशी हे दोघे विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी सांगत गोव्यावरून फिरले. लिबियाबाईंना 2025 साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली. या आवाजाला परवाना नव्हता, पण त्याला एक शिस्त होती. सीमेपलीकडे चोरून कान लावणारा माणूस स्वतःचे स्वातंत्र्य पणाला लावून ऐकत होता. त्याला एकदा जरी खोटे सांगितले असते, तरी त्याने कायमचा कान काढून घेतला असता. जाब विचारणारे कार्यालय नसतानाही जबाबदारी असू शकते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

स्वतंत्र भारताची आकाशवाणी दुसऱ्या टोकाची. रत्नागिरी केंद्र 1977 साली सुरू झाले तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा नव्हता. तो 1981 साली झाला. या केंद्राने किनाऱ्याला हवामानाचा इशारा दिला, शेतीचा सल्ला दिला, स्वच्छ उच्चारांचे निवेदन दिले. होडी लोटायची की किनाऱ्यावर ठेवायची हे ज्या आवाजावर ठरते, त्या आवाजावरचा विश्वास साधा नसतो. श्रोत्यांच्या पत्रांना माइकवरून उत्तरे देण्याची आकाशवाणीची पद्धत हीसुद्धा मोठी गोष्ट होती. पत्र पोहोचायला आठवडा लागे, पण बोलणाऱ्याला कोणीतरी 'हे चुकले' असे सांगू शकत असे. उणीव होती ती मुभेची. मित्रराष्ट्रावर टीका नको, कोणावर वैयक्तिक हल्ला नको, धर्मावर आघात नको अशी संहिता, आणि वरून सरकारी मालकी. त्यामुळे निवेदक अदबीने बोलायला शिकला, पण वाद रंगवायला शिकला नाही.

2001 पासून खासगी एफएम आले आणि निवेदकाचा 'आरजे' झाला. बोलण्यातला ताठा गेला, रस्त्यावरची भाषा आली, हे चांगलेच झाले. पण परवान्याच्या अटींनी या नव्या आवाजाला एक विचित्र आकार दिला. खासगी केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचे बातमीपत्र तसेच्या तसे लावायची तेवढी परवानगी आहे. सामुदायिक रेडिओवरही हेच बंधन आहे. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने 2023 साली तासाला दहा मिनिटे बातम्या आणि चालू घडामोडी यांना मोकळीक द्यावी अशी शिफारस केली, पण शिफारस म्हणजे हक्क नव्हे. 26 ऑगस्ट 2024 रोजी मालवणात राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला. अनावरणाला पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी एकच विषय होता. कायद्याने बघितले तर खासगी एफएमवरच्या निवेदकाला त्यावर स्वतःची बातमी देण्याची वा चर्चा घडवण्याची सोय नव्हती. महत्त्वाच्या विषयावर बोलायला बंदी आणि बिनमहत्त्वाच्या विषयावर काहीही बोलायला मोकळीक, अशी ही रचना आहे. तिच्यातून चेष्टेचे फोन, एकाच पट्टीतला उसना उत्साह आणि दोन जाहिरातींमधली बडबड निपजली. खासगी रेडिओवरच्या बोलण्याची आजची अवस्था खालावलेली आहे असे मला वाटते, आणि त्याचा दोष मी बोलणाऱ्यांवर कमी आणि या रचनेवर अधिक ठेवतो.

या चौकटीतूनही कधीतरी संकासुर डोके वर काढतो. जुलै 2017 मध्ये मुंबईतल्या आरजे मलिष्काने त्या वेळी गाजत असलेल्या 'सोनू' गाण्याच्या चालीवर महापालिकेच्या खड्ड्यांचे विडंबन केले. उत्तर काय आले? सत्ताधारी पक्षाच्या नगरसेवकांनी पाचशे कोटींच्या अब्रूनुकसानीच्या दाव्याची मागणी केली आणि पालिकेने तिच्या घरी डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस काढली. खड्डे आहेत की नाहीत, यावर बोलून उत्तर देता आले असते. गावच्या मांडावर संकासुराला मिळते ते उत्तर महापालिकेने द्यायचे टाळले. इथे जाब मागितला गेला नाही, धाक घातला गेला. या दोन गोष्टींतली रेघ आपण पुसू देता कामा नये.

मात्र त्याच्या दहा वर्षे आधीचा प्रसंगही त्याच पारड्यात ठेवला पाहिजे. सप्टेंबर 2007 मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग 'इंडियन आयडॉल' जिंकला. दिल्लीतल्या एका एफएम निवेदकाने, आता घरांची राखण कोण करणार, अशा अर्थाची मल्लिनाथी केली. नेपाळी बोलणारा म्हणजे पहारेकरी, एवढाच त्यातला विनोद. सिलिगुडीत दंगल उसळली, संचारबंदी लावावी लागली. विनोद करणाऱ्याला मुभा हवी असे मानणाऱ्या मलाही हे वाक्य टोचते, कारण आम्हा मालवणी बोलणाऱ्यांना ही चव ठाऊक आहे. मुंबईच्या करमणुकीत मालवणी बोलणारा म्हणजे घरगडी, हे ठरून गेलेले होते. 1980 साली गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळींनी उभे केले तेव्हा हीच बोली रंगमंचाच्या मधोमध आली आणि हसण्याची दिशा बदलली. संकासुर भटजीची आणि पुढाऱ्याची टर उडवतो, तेव्हा तो खालून वर बोलतो. दिल्लीचा निवेदक वरून खाली बोलला, आणि ज्याच्याविषयी बोलला तो माणूस त्याच्या अंगणातच नव्हता.

अंगण नसलेल्या आवाजाचे शेवटचे टोक रवांडात दिसले. 1993 साली सुरू झालेल्या तिथल्या एका खासगी केंद्राने 1994 च्या नरसंहारात तुत्सींना झुरळे म्हणत मारेकऱ्यांना चिथावले. त्यात सुमारे आठ लाख माणसे मेली. माइकवर बोलणाऱ्या जॉर्ज रुजिऊ याने गुन्हा कबूल केला आणि आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला 2000 साली 12 वर्षांची शिक्षा दिली. अमेरिकेत रेडिओवरून बोलणाऱ्या अलेक्स जोन्सने सँडी हूक शाळेत 2012 साली मारली गेलेली वीस मुले आणि सहा मोठी माणसे हा सारा बनाव असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले. त्याच्या श्रोत्यांनी त्या मुलांच्या आईबापांना छळले. 2022 मध्ये न्यायालयांनी त्याला जवळपास दीड अब्ज डॉलरची भरपाई द्यायचा आदेश दिला. दोन्ही ठिकाणी न्याय झाला, पण माणसे गेल्यावर, घरे उद्ध्वस्त झाल्यावर.

म्हणून मला न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्याकडे वळावेसे वाटते. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या निकालाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली, तो त्यांनी लिहिला. लहरी ना सरकारच्या, ना पैसेवाल्याच्या. त्या लोकांच्या, आणि राज्यघटनेच्या कलम 19 मधले स्वातंत्र्य बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्याचेही. पुढे याच सावंतांवर काय वेळ आली बघा. 2008 मध्ये एका वृत्तवाहिनीने घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच न्यायमूर्तींच्या जागी त्यांचे छायाचित्र पंधरा सेकंद दाखवले. वेळेवर नीट माफी आली नाही. ते न्यायालयात गेले आणि 2011 साली पुण्याच्या न्यायालयाने शंभर कोटींची भरपाई ठरवली. त्यांचा सल खरा होता, हे मी पूर्ण मानतो. तरीही शंभर कोटींचा आकडा मला अस्वस्थ करतो. एवढ्या रकमेची नुसती शक्यता एखाद्या गावच्या सामुदायिक केंद्राला कायमचे गप्प करू शकते. पंधरा सेकंदांची चूक दुसऱ्याच दिवशी, त्याच वेळेला, त्याच ठळकपणे दुरुस्त झाली असती, तर बहुधा न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.

माझे म्हणणे याच ठिकाणी येऊन थांबते. बोलण्याआधी अडवणारी बंदी नको. बातम्यांवरची बंदी उठली पाहिजे, कारण गंभीर विषयावर चुकण्याची जोखीम घेतल्याशिवाय कोणतीही बोलण्याची कला वयात येत नाही. हिंसेची थेट चिथावणी आणि जाणूनबुजून केलेली बदनामी यांना कायदा आहे, तो पुरे. पण त्याच्या कितीतरी आधी केंद्राने स्वतः तीन गोष्टी पाळल्या पाहिजेत: ज्याच्याविषयी बोललो त्याला त्याच कार्यक्रमात बोलू देणे, चूक झाली तर त्याच वेळेला ती कबूल करणे, आणि बोललेल्याचे ध्वनिमुद्रण मागेल त्याला ऐकवणे. यात परदेशातून आणावे असे काही नाही. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली 'दर्पण' काढले, तेव्हाच त्यात वाचकांच्या पत्रांना जागा होती.

उद्या या किनाऱ्यावर एखादे सामुदायिक केंद्र उभे राहिले, तर त्याची पहिली कसोटी बंदरावरच लागेल. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळीवाले यांच्यातले भांडण 2016 च्या शासकीय निर्बंधांनंतरही मिटलेले नाही. ते समुद्रात हाणामारीपर्यंत जाते. एका बाजूचा बांगडा आणि दुसऱ्या बाजूचे कर्ज, दोन्ही खरे आहेत. माइकवरचा माणूस एकाच घाटावर उभा राहून दुसऱ्याला चोर म्हणू लागला, तर त्या संध्याकाळी होड्या पेटू शकतात. आणि भीतीपोटी तो विषयच टाळून गाणी लावत बसला, तर त्या केंद्राचा मच्छीमाराला काय उपयोग? त्याने दोघांनाही समोर बसवून कठीण प्रश्न विचारले पाहिजेत आणि उद्या सकाळी लिलावाच्या जागी दोघांच्याही नजरेला नजर देता आली पाहिजे.

जत्रेतल्या त्या मानकऱ्याच्या हातातला नारळ त्या रात्री कोणी काढून घेतला नाही. त्याला दंड झाला नाही, पुढच्या वर्षी गाऱ्हाणे दुसऱ्याने घालावे असेही कोणी म्हणाले नाही. पण राहिलेली वाडी तशीच राहू दिली नाही. लोक गप्प राहिले, म्हातारी बोलली, त्याने ऐकले आणि वाक्य पुन्हा घेतले. रेडिओवर बोलणाऱ्याने वाक्याच्या शेवटी तो अर्धा श्वास थांबायला शिकावे, आणि 'व्हय' आला नाही तर मागे वळून बघावे.