न लागलेला आकाशकंदील

दुसऱ्या भाषेतल्या वाचनाचा विषय निघाला की आपली चर्चा शब्दसंग्रहापाशी येऊन थांबते. मूल उताऱ्यात अडखळलं? शब्दार्थ पाठ करून घ्या. हे निदान अपुरं असल्याचं मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९७९ सालीच दाखवलं होतं. त्यांनी भारतीय आणि अमेरिकी वाचकांना दोन पत्रं वाचायला दिली. एकात भारतीय लग्न, दुसऱ्यात अमेरिकी. भाषा दोन्हींची इंग्रजीच. प्रत्येक गटाने आपल्याकडचं लग्न भरभर वाचलं आणि जास्त लक्षात ठेवलं. अमेरिकी नवरी आजीचा लग्नातला पोशाख घालते, ही तिथे मानाची गोष्ट. एका भारतीय वाचकाच्या आठवणीत तो पोशाख जुनाट, फॅशन गेलेला झाला. उलट, सासरच्यांना द्यायच्या वस्तूंचं ठरणं अमेरिकी वाचकाला भेटींची देवघेव वाटली. इंग्रजी ही भारतीयांची परकी भाषा, पण तीच भाषा एका पत्रात आड आली नाही. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

माझा आक्षेप वेगळा आहे. या अभ्यासात 'भारतीय' हा एकच गट धरला आहे. आमच्या शहरात तो टिकत नाही. पुंडलिकनगरात माझ्याकडे उर्दू माध्यमाची मुलं मराठी वाचायला येत. त्यांच्यासाठी मी एक वाक्य रचलं होतं : 'यंदा त्यांच्याकडे आकाशकंदील लागला नाही, फराळ शेजाऱ्यांनीच आणून दिला.' एकही शब्द अवघड नाही. मुलांनी अर्थ लावला, घर गरीब असेल. त्या घरातलं माणूस वर्षभरात गेलंय, हे वाक्यात कुठे लिहिलं आहे?

मग दुसरं वाक्य : 'चार महिने दहा दिवस झाले आणि सलमा उंबऱ्याबाहेर पडली.' हे मी मराठीच्या जाणत्या वाचकांपुढे ठेवलं. कुणी आजारपण म्हणालं, कुणी बाळंतपण. मुलांना मात्र लगेच कळलं. नवरा गेल्यावरची इद्दत ती. इथे मातृभाषेचा वाचक अडला आणि दुसऱ्या भाषेचा पुढे गेला.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. ते योग्यच आहे. पण आकलनाच्या उताऱ्यात कंदिलाचं वाक्य आलं आणि मुलाने 'गरिबी' लिहिलं, तर गुण भाषेचे कापले जातील आणि प्रगतिपत्रकावर 'मराठी कच्ची' असा शेरा येईल. इद्दतीचं वाक्य उताऱ्यात सहसा येत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूचा कच्चेपणा कधी मोजलाच जात नाही.

यावर तळटीप हा सोपा उपाय सुचवला जातो. मला तो पटत नाही. 'घरात मृत्यू झाल्यास दिवाळी करत नाहीत' असं खाली छापलं की माहिती मिळते, पण लेखकाने जे मुद्दाम बोलायचं टाळलं तेच आपण मोठ्याने सांगून बसतो. त्यापेक्षा उतारा उघडण्याआधी वर्गात विचारावं : तुमच्याकडे माणूस गेलं की पहिल्या सणाला काय करतात? ईदची उत्तरं येतील, दिवाळीचीही येतील. मग पुस्तक उघडावं.