रिकामी जागा काय सांगते?

पायथॉन या संगणकभाषेत लिहिताना पाळायचे संकेत ‘पेप ८’ नावाच्या दस्तऐवजात दिले आहेत. तो २००१ सालचा. त्यातल्या मोकळ्या जागांच्या नियमांबद्दल आज बोलायचंय. तत्त्वज्ञानाच्या मास्तरला यात काय कळतं, असं तुम्हाला वाटेल. पण तर्कशास्त्रात आम्ही कंस कशाला घालतो? नकाराची सत्ता कुठवर चालते, ते कळावं म्हणून. प्रोग्रॅममध्ये ओळीच्या आधी सोडलेली जागा तेच काम करते. ही ओळ अमुक अटीखाली येते, असं ती वाचणाऱ्याला सांगते.

पेप ८ प्रत्येक पातळीला चार स्पेस सांगतो. लिनक्स कर्नलचा नियम आठ अक्षरांच्या टॅबचा. दोघांचंही उत्तम चाललंय. म्हणजे आकडा हा निव्वळ संकेत झाला. नियम पाळल्याने वाचणं अवघड होत असेल तर तो सोडा, असं पेप ८ स्वतःच सांगतो, हा त्याचा मोठेपणा.

उणीव पुढे आहे. स्वल्पविरामाआधी जागा नको, बरोबरची चिन्हं एकाखाली एक आणायला जादा जागा नको, हे नियम तिथे ‘पेट पीव्ह्ज’, म्हणजे स्वतःच्या खास चिडी, अशा मथळ्याखाली येतात. मथळा प्रामाणिक आहे, पण चीड हे काही कारण नव्हे. ओळीआधीची जागा बदलली तर पायथॉनमध्ये अर्थ बदलतो. स्वल्पविरामाआधीची बदलली तर फक्त रूप बदलतं. या दोहोंतला भेद तिथे ठळकपणे मांडायला हवा होता.

हा भेद पुस्तकी नाही. सी भाषेत संगणक ओळीआधीच्या जागेकडे बघतच नाही. २०१४ साली ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा आलेली सापडली. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवलेली. माणसाला ती अटीखाली दिसली. संगणकाने मात्र ती बिनशर्त पाळली, आणि पुढची सहीची तपासणी वगळलीच गेली. डोळ्यांना सगळं नीटनेटकं होतं, पण ती जागा खोटं बोलत होती. २०१६ साली जीसीसी ६ हा कंपायलर अशा फसव्या जागेबद्दल इशारा देऊ लागला.

तेव्हा, चार की आठ यावर भांडण्याआधी विचारा, ही जागा जे सांगते ते खरं आहे का? बाकी आवडीनिवडी. असो, आता तुमचे प्रश्न घेऊ.