अंगाला कोरडं लागावं म्हणून

मोठ्या माणसाचं टेपवालं डायपर एकदा पूर्ण उलगडून टेबलावर पसरा आणि निवांत बघा. एरवी आपण ते घाईत, तोंड फिरवून हाताळतो, त्यामुळे त्यातली कारागिरी दिसतच नाही.

अंगाला लागणारं कापड पातळ, मऊ. ते ओल धरून ठेवत नाही, खाली सोडतं. चांगल्या डायपरमध्ये त्याच्याखाली मधोमध आणखी एक पट्टी असते. मला साऱ्या रचनेत तीच सर्वांत आवडते. एकदम आलेली लघवी ती एका जागी साचू देत नाही, मागेपुढे पसरवते आणि खालच्या थराला शोषायला उसंत देते. खाली लगदा आणि त्यात साखरेसारखे रवाळ कण, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे. शुद्ध पाणी ते स्वतःच्या वजनाच्या शेकडोपट धरतात. लघवीतल्या क्षारांमुळे हे प्रमाण बरंच उतरतं. पण खरी करामत पुढे आहे. दुपटंही ओल शोषतं, मात्र अंगाचा भार पडला की तीच ओल परत अंगाला देतं. हे कण फुगून जेली होतात आणि भाराखालीही घेतलेलं सहसा सोडत नाहीत.

ही जेली येण्याआधीची गोष्ट. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या आईने १९४०च्या दशकात न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावरचं आवरण शिवलं. त्याने अंथरूण वाचलं, बाळ आत ओलंच राहिलं. अंगही कोरडं राहायला ही जेली डायपरमध्ये यावी लागली, आणि त्याला १९८०चं दशक उजाडलं.

मांडीशी उभ्या राहणाऱ्या दोन झालरी बघा. डायपर लावल्यावर कडेने बोट फिरवून त्या बाहेर काढाव्या लागतात. आत दुमडून राहिल्या तर महागातलं डायपरही गळतं. झोपून असलेल्या माणसाला टेपवालंच घ्यावं. त्याला कुशीवर वळवून ते खाली सरकवता येतं. चड्डीसारखं डायपर दोन्ही पायांतून वर चढवताना त्याचे आणि आपलेही हाल होतात.

बाहेरच्या बाजूची पिवळी रेघ ओल लागली की निळी-हिरवी होते. ‘बाबा, जरा बघू’ म्हणत दर वेळी आत हात घालायला नको. वडिलांच्या वयाच्या माणसाची लाज ही एवढीशी रेघ राखते, म्हणून तिला मी निव्वळ सोय म्हणणार नाही. पाकिटावर बारा तास लिहिलेलं असलं तरी रेघ सांगेल तेव्हा बदला. शौचाला झालं असेल तर लगेच.

वापरलेलं डायपर सहजासहजी कुजत नाही, आणि कचरा वेगळा करणाऱ्या बायकांच्या हाती ते उघडं पडतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी त्यासाठी लाल ठिपक्याची मोहीम चालवली. तुमच्या गावात अशी मोहीम नसली तरी डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, वर मोठा लाल ठिपका काढा आणि वेगळं द्या.