रस्त्यावरील छायाचित्राची षष्ठी

'रघुवीर सिंग यांचा फोटो' ह्या मराठी शब्दसंहतीचे तीन अर्थ संभवतात: सिंग यांनी काढलेला, सिंग ज्यात दिसतात तो, आणि सिंग यांच्या मालकीचा. षष्ठीची ही संदिग्धता व्यवहारात क्वचितच अडते, कारण संदर्भ तिचे निराकरण करतो. परंतु मुंबईसारख्या बंदराच्या शहरात रस्त्यावर केल्या जाणाऱ्या छायाचित्रणाचा विचार करू लागताच ती केवळ व्याकरणाची बाब राहत नाही.

कृदन्त नामाच्या योगात कर्ता व कर्म या दोहोंनाही षष्ठी प्राप्त होते. दोन्ही एकाच ठिकाणी उपस्थित असतील तर ती कर्माकडे राहते व कर्ता तृतीयेत जातो, अशी व्यवस्था पाणिनीने लावून दिली आहे. 'फोटो' ह्या परकीय नामाला हा नियम लावणे शास्त्रशुद्ध नव्हे, हे मान्य. तथापि मराठी बोलणारा नकळत तेच करतो. 'सिंग यांनी काढलेला हमालाचा फोटो' हे त्यास सहज वाटते. 'सिंग यांचा हमालाचा फोटो' हे अशक्य नसले तरी कानास खटकते, आणि त्यातील पहिली षष्ठी लगेच मालकीची वाटू लागते. बोलीचा कौल असा कर्माच्या, म्हणजे टिपल्या गेलेल्या माणसाच्या, बाजूने आहे. कलाव्यवहाराचा कौल याच्या नेमका उलट पडतो. संग्रहालयात आणि लिलावात षष्ठी कर्त्याकडे जाते आणि हमालाला विभक्तीच उरत नाही.

रघुवीर सिंग (१९४२–१९९९) यांचा 'बॉम्बे: गेटवे ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९९४ साली प्रसिद्ध झाला. सिंग मूळचे जयपूरचे. १९६६ साली तेथेच त्यांनी आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांना काम करताना पाहिले होते. पुढे पॅरिस, लंडन व न्यूयॉर्क येथे त्यांचे वास्तव्य घडले. भारतीय दृष्टी रंगांतूनच पाहते, कृष्णधवलाचा विषाद तिला परका आहे, हा त्यांचा सिद्धान्त सुपरिचित आहे. त्याची चर्चा पुष्कळ झाली असल्यामुळे येथे ती करीत नाही. मुंबईच्या ह्या ग्रंथात मला रंगापेक्षा काच अधिक महत्त्वाची वाटते. झवेरी बाजारातील जवाहिऱ्याच्या दालनाचे १९८९ सालचे छायाचित्र पाहावे. आतले दुकान आणि बाहेरचा बाजार एका चौकटीत आहेत, आणि मध्ये काच. त्याच वर्षी केम्प्स कॉर्नर येथे त्यांनी चामड्याच्या वस्तूंच्या दुकानातून रस्ता टिपला. रस्त्यावरील छायाचित्रण म्हणावे, तर छायाचित्रकार उभा आहे दुकानात!

हा दोष नव्हे. मुंबई व्यापाराने वाढली आणि व्यापाऱ्याच्या काचेतून तिच्याकडे पाहणे हे एका अर्थी तिच्या इतिहासाशी प्रामाणिक राहणे होय. एवढी दाट, एवढ्या थरांची रचना तोल न सोडता सांभाळणारा दुसरा छायाचित्रकार ह्या शहराला क्वचितच लाभला असेल. परंतु काचेपलीकडून जाणारा माणूस व्याकरणाच्या भाषेत तृतीय पुरुषीच राहतो. त्याच्याविषयी बोलले जाते, त्याच्याशी नव्हे. छायाचित्राखालील ओळ स्थळ सांगते, दुकान सांगते, वर्ष सांगते. ग्रंथाचे नावही प्रवेशद्वाराचे आहे, म्हणजे येणाऱ्याचे. राहणाऱ्यास दाराचे एवढे अप्रूप नसते.

ह्याच्या शेजारी सूनी तारापोरवाला यांचे 'होम इन द सिटी' (२०१७) ठेवून पाहावे. १९७७ पासूनच्या चाळीस वर्षांची ही मुंबई कृष्णधवल आहे. सिंग यांच्या सिद्धान्तानुसार ती परकी वाटावयास हवी होती; ती वाटत नाही. दृष्टीचे आपलेपण रंगावर अवलंबून नसून पाहणारा व पाहिला जाणारा यांच्यातील पुरुषसंबंधावर अवलंबून असते, असे मला वाटते. तारापोरवाला यांची रचना सिंग यांच्याइतकी गुंतागुंतीची नाही, क्वचित ती सैलही पडते. पण येथे अनेक चेहरे छायाचित्रकर्तीकडे पाहतात ते 'तू' म्हणून. ह्या संबंधाला तृतीय पुरुष म्हणता येणार नाही.

छायाचित्रणाच्या आमच्या विद्यार्थ्यांत अनवधानाने टिपलेला चेहराच खरा, विचारले की तो बिघडतो, असा एक समज रूढ आहे. कार्तिए-ब्रेसाँ यांच्या नावावर तो पुष्कळदा खपविला जातो. ह्या समजाची परीक्षा ससून डॉकवर होते. १८७५ साली बांधलेल्या ह्या गोदीत पहाटे मासळी उतरते तेव्हा कॅमेरे घेतलेली तरुण मंडळीही तेथे जमतात. ओल्या फरशीवर, बर्फाच्या आणि पाट्यांच्या गर्दीत, कामाच्या वाटेत ती उभी राहतात. कोळीण मान वर न करता विचारते, "माझा फोटो कशाला काढतोस रे?" तिच्या 'माझा'मधील षष्ठी कर्माची आहे हे कोणीही सांगेल. पण ती मालकीचीही आहे, आणि 'रे' ह्या संबोधनाने तिने समोरच्याला द्वितीय पुरुषात आणून उभे केले आहे. पुष्कळसे कॅमेरे ह्या वेळी खाली येतात. ज्यांचे येत नाहीत त्यांतले काही तिला उत्तर देतात आणि मग टिपतात. ती छायाचित्रे बिघडलेली असतात काय, हे वर्गात दोन्ही प्रकार शेजारी लावून तपासता येण्यासारखे आहे.